सत्याण्णवावं घर

माझा दादा वजनकाट्यावर बसतो. ट्रक येतो, जमिनीत बसवलेल्या लोखंडी पाटावर चढतो, केबिनमधल्या यंत्रावर आकडा नाचायला लागतो आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडतो, "झालं का?" दादा म्हणतो, "थांबा, आकडा बसू दे." आधी रिकामी गाडी, मग भरलेली गाडी, मग चिठ्ठी. दिवसातून साठ-सत्तर वेळा हेच. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव 'थांबासाहेब' पाडलंय. त्यांना काय माहीत, हा माणूस काट्यावर यायच्या आधीपासून थांबण्यात तरबेज आहे.

एके काळी तो ड्रम वाजवायचा. चौघांचा बँड होता आणि ते जे वाजवायचे त्याला पोस्ट-रॉक म्हणतात. म्हणजे काय, हे मी पंधरा वर्षं ऐकतेय आणि मला कळलंय ते एवढंच: गाणं असतं, पण गात कुणी नाही. गिटारी असतात, पण त्यांना कसलीही घाई नसते. काहीतरी होणार, आता होणार, असं वाटत राहतं, आणि अखेर होतं तेव्हा आपण खुर्चीतून अर्धे उठलेलो असतो. आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमनकाका राहतात. त्यांना वाटलं, पोस्ट-रॉक म्हणजे त्यांच्या खात्याचं काहीतरी. "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही," असं ते जरा हिरमुसूनच म्हणाले होते.

त्यांच्या एका गाण्याचं नाव 'अजून थोडं'. साडेनऊ मिनिटांचं. त्यातली पहिली सहा मिनिटं अकरा सेकंद दादा काहीही करत नाही. काठ्या मांडीवर, नजर खाली, आणि उजव्या पायाचा अंगठा तेवढा चपलेत हलत असतो. तो मोजत असतो. चार ठोक्यांचं एक घर, अशी एकशे चव्वेचाळीस घरं गेली, की एकशे पंचेचाळिसाव्या घरावर तो दोन्ही हातांनी असा तुटून पडतो की काय सांगू. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली होती.

एकदा मी विचारलं, "गिटारवाल्यानं मान हलवून खूण केली तर काम होईल ना? मोजत कशाला बसतोस?"

"खूण बघून आलो तर बोलावल्यासारखा येतो," दादा म्हणाला. "मोजून आलो तर माझा मी येतो."

हे त्याचं मी ऐकलेलं सर्वांत लांब भाषण.

आमचे बाबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनवर होते. त्यांच्या लेखी काम म्हणजे हात चालले पाहिजेत, बाकी सगळ्या गप्पा. बँडचा एक मोठा कार्यक्रम होता, संध्याकाळी सहाचा. बाबा रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसले. 'अजून थोडं' सुरू झालं. तिघं वाजवतायत आणि आपलं पोर मांडीवर काठ्या ठेवून ढिम्म. बाबांनी पाच मिनिटं कळ काढली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "याला घेतलंय कशाला यांनी?" आणि उठून चालते झाले. लाज वाटली त्यांना, दुसरं काही नाही. ते रस्ता ओलांडून बसथांब्यावर पोचले असतील नसतील, तेवढ्यात इकडे दादा आला.

घरी आल्यावर ते दादाला एवढंच म्हणाले, "नुसता बसतोस तू तिथं."

दादा म्हणाला, "हो."

मी तणतणले, बाबांना म्हटलं एक मिनिट थांबला असता तर काय बिघडलं असतं, दादाला म्हटलं तू तरी सांग ना नीट. पण आमच्या घरातले दोन्ही पुरुष विषय मिटवण्यात पटाईत. एकानं पेपर उघडला, दुसरा आंघोळीला गेला. त्यानंतर पंधरा वर्षं त्या गाण्याचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

पुढे बँडमधल्यांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या आणि बँड आपोआप विरून गेला. दादाचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि मोडलं, आई गेली. त्यामुळे बाबा, दादा आणि मी असे तिघं एका छताखाली. चार वर्षांपूर्वी काट्यावर एका ट्रकचा मागचा लोखंडी फाळका सुटला आणि दादाचं डावं मनगट त्यात सापडलं. हाड जुळलं, पण दोन बोटं मिटत नाहीत. त्या हातात कप धरता येतो, काठी धरता येत नाही. ड्रम त्यानं एका शाळेला देऊन टाकले. देताना चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण आठ दिवस नीट जेवला नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी वायरचा फोन आला. वायर म्हणजे त्यांचा गिटारवाला. सतत कुठल्या ना कुठल्या तारेत पाय अडकवून पडायचा म्हणून हे नाव. "अरे, सिनेमात घेतायत!" तो ओरडत होता. "आपलं 'अजून थोडं'! कुणीतरी बाईंनी कुठल्या तरी जुन्या सीडीवर ऐकलं." दोन दिवसांनी चौघांच्या सह्यांसाठी कागद आला. नऊ पानं, बारीक टाइपात.

दादा कागद घेऊन माझ्याकडे आला. साहजिकच आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर मी लोकांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावते आणि त्यांनी चुकीची वाचली की मनातल्या मनात हसते. दादानं चौथ्या पानावर बोट ठेवलं. "हे काय आहे गं? 'सदर रचना पूर्ण अथवा अंशतः वापरण्याचा हक्क.' अंशतः म्हणजे?"

मी म्हटलं, "अरे, सगळ्या फॉर्ममध्ये असतं ते. लिहायची पद्धत असते. कर सही."

त्यानं सही केली. मी सांगितलं म्हणून केली. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण घरात मला अजून कुणी एका शब्दानं बोललेलं नाही आणि ते मला फार जड जातंय.

त्यानंतर आठ महिन्यांनी बाबांच्या कानांनी माना टाकल्या. प्रेसच्या आवाजानं ते कधीपासूनच अधू होते. आम्ही एका वहीवर लिहून त्यांच्याशी बोलत होतो. माझ्या दुकानाची ऑर्डर लिहायची जुनी वही होती, ती टेबलावर पेनासकट पडलेली असे. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, उजवा गेलाच आहे. डाव्यात खालचे जाड आवाज थोडे उरलेत, तेही वर्षभरात जातील, यंत्राचा उपयोग नाही. मग वहीवर लिहिलं, 'काय ऐकायचं ते आत्ता ऐकून घ्या.'

परत येताना बाबा घराच्या जिन्यात मध्येच थांबले. ऐकू येत नसल्यामुळे ते बोलतात ते चार मजल्यांना ऐकू जातं. "याचं ते गाणं," ते दादाकडे बोट दाखवून मला म्हणाले. "मी उठून आलो होतो बघ ते. तेवढं राहून गेलंय माझं."

दादा दोन पायऱ्या खाली उभा होता. त्यानं रेलिंग घट्ट धरलं.

आम्ही घरी लावून पाहिलं. बाबांनी स्पीकरवर हात ठेवला, कान टेकवला. "माशी आहे आत," म्हणाले. इयरफोन घातले तर दोन मिनिटांत काढून ठेवले. मग त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. कारखान्यात प्रेसचा ठोका त्यांना कानांआधी तळपायांतून कळायचा. सिनेमाच्या हॉलमध्ये तशीच जमीन हादरते. आणि गाणं सिनेमात येणारच आहे. "पहिल्या आठवड्यात जाऊ," ते म्हणाले. "चपला काढून बसतो मी."

त्यानंतर घरात दुसरा विषय नाही. सिनेमा कधी लागणार ते पेपरात रोज बघायचे. पोस्टमनकाकांना सांगून झालं, खालच्या वाण्याला सांगून झालं, माझ्या दुकानात येऊन माझ्या मालकांनाही सांगून गेले. केस कापून आणले. पायाची नखं कापली, आणि ते बघून मात्र मला भरून आलं. इतकी वर्षं या माणसानं मुलाला 'नुसता बसतोस' म्हणून सोडून दिलं होतं, आणि आता त्याच्यासाठी तळपाय घासून बसला होता.

सिनेमा शुक्रवारी लागला. वायर पहिल्याच खेळाला जाऊन आला आणि त्याचा फोन आला. या वेळी ओरडत नव्हता. दादानं फोन माझ्यासमोरच घेतला आणि नुसता "हं, हं" करत राहिला. ठेवल्यावर म्हणाला, "चार मिनिटं दहा सेकंदांना कापलंय."

"म्हणजे?"

"सत्याण्णवाव्या घरात." त्यानं पाणी प्यायलं. "अंशतः."

मी म्हटलं, फोन कर, कुणाला तरी फोन कर, असं कसं कापतात! वायरकडून नंबर मिळवून त्यानं ज्या बाईंनी सिनेमा जोडलाय, त्या संकलक बाईंना फोन लावला. मी स्पीकरवर टाकायला लावला. बाईंचा आवाज इतका गोड, की भांडायचं कसं तेच कळेना.

"तुम्ही त्यात काय वाजवता?" त्यांनी विचारलं.

"ड्रम."

"म्हणजे पुढे येतात ते?"

"हो."

"अहो, काय येतात ते! मी आठ दिवस तसेच ठेवले होते. पण ती बाई फोनची वाट बघत बसलीये ना, नवऱ्याच्या. फोन वाजला की सगळं थांबायला हवं. ड्रम आले की बघणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी चांगलं होणार. आणि तसं तर काही होत नाही."

"नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही रागावलात का?"

"नाही नाही. बरोबर आहे तुमचं."

त्यानं फोन ठेवला आणि मी भडकले. "बरोबर आहे? बाबांचं का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करू? सिनेमा लागलाय. त्यांनी काय सगळीकडून परत आणायचा?"

तो शांतपणे बोलत होता आणि मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण त्याचं खरं होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं. ना भांडायला कुणी समोर होतं, ना कुणाची चूक होती. म्हणजे एकीची होती, आणि ती मी.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दादानं वही ओढली. लिहिलं, 'बाबा, सिनेमात' आणि थांबला. बाबा समोर बसून सिनेमाला घालायच्या शर्टाचं बटण शिवत होते. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो मी ओवून दिला. दादानं त्या दोन शब्दांपुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं, 'गर्दी असेल. लवकर निघू.' बाबांनी वाचून मान डोलावली.

बुधवारी दुपारी बाराचा खेळ. गर्दी कसली, पंधरा-वीस माणसं. बाबा म्हणाले पुढे बसू, पडद्यामागे मोठे स्पीकर असतात. तिसरी रांग. मधे बाबा, दोन्हीकडे आम्ही. अंधार झाल्यावर बाबांनी चपला काढल्या, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवले आणि हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. खाली जाड गालिचा होता. मी त्या गालिच्याकडे बघत राहिले. कुणाच्या डोक्यातून निघतं हे, सिनेमाच्या हॉलमध्ये गालिचा घालायचं?

सिनेमा चांगला होता, हे सांगायला मला अजिबात आवडत नाही. तासाभरानं ती बाई स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसली, समोर भिंतीवरचा फोन, आणि पहिली गिटार सुरू झाली. दादानं बाबांच्या मनगटावर बोट ठेवलं. बाबा ताठ झाले. मग दुसरी गिटार, मग खालची जाड तारांची. बाबांनी माझ्याकडे वळून डोळे मोठे केले आणि खुर्चीच्या हातावर टकटक करून दाखवलं: लागतंय, लागतंय! मी हसले. हसण्याशिवाय काय करणार होते?

मी खाली बघितलं. दादाच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत हलत होता.

गाणं चढत गेलं. बाई हलत नव्हती. मला ठाऊक होतं काय होणार आहे आणि तरी मी मनात म्हणत होते, नको, आज नको, आजच्या दिवस चुकून पुढे जाऊ दे. आणि फोन वाजला. गाणं तुटलं. अख्ख्या हॉलमध्ये फक्त ती घंटी. मागे कुणीतरी हुंदका दिला.

बाबांना घंटी ऐकू आली नाही. ते तसेच बसून होते, पाय सपाट, तळवे खाली. पडद्यावर बाई फोन धरून उभी राहिली, खाली बसली, मग तिची जाऊ आली, दोघी काहीतरी बोलू लागल्या. दादाचा अंगठा थांबला नव्हता. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. मीही मोजू लागले. जाऊ भांडी विसळत होती तेव्हा एकशे तीस झाले. एकशे चव्वेचाळीस झाल्यावर त्याचा पाय आपसूक उचलला गेला आणि जमिनीवर आपटला. एकदाच. गालिच्यानं तो आवाज गिळून टाकला. पुढचा एक माणूस तेवढा वळून बघू लागला. दादाचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि डाव्या हाताची ती दोन बोटं वाकडी उघडी.

बाबा सिनेमा संपेपर्यंत हलले नाहीत. नावं वर सरकत होती तेव्हाही बसून. दिवे लागल्यावर साफसफाईवाल्या बाई झाडू घेऊन आमच्या रांगेपाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी चपलांत पाय सरकवले.

बाहेर तिकीटखिडकीपाशी त्यांनी दादाचा दंड धरला. "कधी आलं रे ते?" सगळी माणसं बघू लागली. "गिटार लागली मला. हातांना मुंग्या आल्यासारखी. मग ती पण गेली. मग काहीच नाही. या खेपेला मी उठलो नाही हं. शेवटपर्यंत बसलो होतो. कानच मेले माझे. तू आलास आणि मला कळलं नाही." मग अगदी लहान आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं लहान, "जोरात वाजलं का?"

मी वही पुढे केली. मला वाटलं, आता तरी तो लिहील. चार मिनिटं दहा सेकंद, अंशतः, बहिणीनं सही करायला सांगितली, काय हवं ते लिहील. दादानं वही भिंतीला टेकवली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हो बाबा. खूप जोरात. लोक दचकले.'

बाबांनी कागद लांब धरून वाचला. चेहरा उजळला, म्हणजे अर्धा. "मला वाटलंच," ते म्हणाले. "पुढचा एक जण वळून बघत होता." त्यांनी पान फाडून घेतलं, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डबा घेऊन निघाला होता आणि मी दाराला कुलूप लावायच्या तयारीत होते. बाबा जिन्याच्या कट्ट्यावर पोस्टमनकाकांबरोबर बसले होते. काकांनी हातांनीच विचारलं, कसा होता सिनेमा?

"अहो, काय सांगू!" बाबा म्हणाले. चार मजले ऐकत होते. "खुर्ची हादरत होती माझी. तळपायांतून वर आलं, इथपर्यंत. पोरानं अख्खा हॉल हलवला!" आणि खिशातून तो कागद काढून काकांना दाखवला.

दादा पायरीवर थबकला. गिटारीपलीकडे बाबांना काहीच लागलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. बाबा त्याची लाज राखायला खोटं बोलतायत, हेही त्याला कळलं. त्यानं कुणाकडेच बघितलं नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग वही मागून घेतली आणि आपल्या वळणदार, पत्ता लिहिल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या खात्याचं संगीत म्हटल्यावर जायलाच हवं. रविवारची तिकिटं काढतो. आमच्या हिलाही नेतो. आल्यावर बोलू.'

"जा, जा," बाबा म्हणाले. "पुढे बसा मात्र."

मी दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे. काकांचे कान शाबूत होते. त्या दिवशी गुरुवार होता, रविवारला तीन दिवस.